मॅक्रोफेज सगळीकडे एकच असते का?

लातूरला नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीने विचारलं आहे की, मोनोसाइट ही पांढरी रक्तपेशी रक्तातून बाहेर पडून ऊतीत गेली की तिची मॅक्रोफेज, म्हणजे जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणारी पेशी, होते असं नोट्समध्ये दिलंय. मग लिव्हरमध्ये तिला कुप्फर पेशी, मेंदूत मायक्रोग्लिया, फुप्फुसात आणखी काही असं का म्हणायचं? पेशी एकच आणि पत्ते वेगळे, एवढंच का? आणि सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी) नॉर्मल आली म्हणजे या सगळ्या ठीक आहेत असं समजायचं का?

बेटा, परीक्षेत नोट्समधलंच लिही, मार्क त्यालाच आहेत. पण तुझी शंका रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

नोट्समधलं वाक्य आलं कुठून ते आधी बघ. 1972 मध्ये राल्फ व्हॅन फर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडणी केली, की अस्थिमज्जेत मोनोसाइट तयार होतात, रक्तात येतात आणि निरनिराळ्या अवयवांत जाऊन मॅक्रोफेज बनतात. मांडणी सुटसुटीत होती, पुस्तकांत गेली आणि तिथेच राहिली. 2010 मध्ये उंदरांवरच्या कामातून दिसलं की मेंदूतल्या मायक्रोग्लिया या वाटेने आलेल्याच नसतात. गर्भ अगदी लहान असताना, अस्थिमज्जा तयार होण्याच्याही आधी, योक सॅकमधून (गर्भाला जोडलेल्या पिशवीतून) निघालेल्या पेशी मेंदूत जाऊन बसतात आणि पुढे तिथल्या तिथेच विभागून आपली संख्या टिकवतात. कुप्फर पेशी आणि फुप्फुसाच्या वायुकोशांतल्या मॅक्रोफेज यांचंही मूळ बहुतांशी गर्भावस्थेतच आहे. आतड्याचं मात्र वेगळं. तिथल्या बऱ्याचशा मॅक्रोफेज रक्तातल्या मोनोसाइटपासून सतत नव्याने भरल्या जातात. म्हणजे तुझ्या नोट्समधलं वाक्य आतड्यापुरतं बरंचसं खरं आहे, मेंदूपुरतं नाही.

हे फक्त उंदरांचं असेल असं वाटेल, म्हणून माणसांतले दोन पुरावे देतो. गाटा-2 या जनुकात बिघाड असलेल्या काही लोकांच्या रक्तात मोनोसाइट जवळजवळ नसतातच, तरी त्यांच्या त्वचेत लँगरहान्स पेशी (मॅक्रोफेजच्या जवळच्या, त्वचेत पहारा देणाऱ्या पेशी) आणि फुप्फुसात मॅक्रोफेज सापडतात. रक्तातूनच भरती होत असती तर त्या आल्या कुठून? दुसरा पुरावा हात प्रत्यारोपणाचा. काही वर्षांनी तपासलं तेव्हाही बसवलेल्या हाताच्या त्वचेतल्या लँगरहान्स पेशी दात्याच्याच होत्या.

जन्म कुठे झाला हा अर्धा भाग. उरलेला अर्धा भाग त्या राहतात कुठे हा, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. उंदराच्या पोटाच्या पोकळीतल्या पूर्ण वाढलेल्या मॅक्रोफेज काढून फुप्फुसात सोडल्या, तर कोणती जनुकं चालू आणि कोणती बंद हे चित्र बरंचसं फुप्फुसातल्या पेशींसारखं झालं. जागाच पेशीला काम शिकवते.

ते काम किती वेगळं असतं ते पानथरीत बघ, म्हणजे प्लीहेत. तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते. शरीरात दर सेकंदाला सुमारे 20 लाख तांबड्या पेशी निवृत्त होतात, आणि पानथरी व लिव्हरमधल्या मॅक्रोफेज त्या गिळून आतलं लोह काढून परत रक्तात सोडतात. रोज 20 ते 25 मिलिग्रॅम लोह असं फिरतं, जेवणातून शोषलं जातं ते जेमतेम 1 ते 2 मिलिग्रॅम. म्हणजे रक्त बनवायला लागणारं बहुतेक लोह या पेशींच्या हातून येतं. टीबीसारख्या आजारात दाह (इन्फ्लमेशन) लांबला की लिव्हर हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतं, मॅक्रोफेजमधून लोह बाहेर पडायची वाट बंद होते, आणि शरीरात लोह असूनही हिमोग्लोबिन घसरतं. आपल्याकडे बायकांमध्ये ॲनिमिया भरपूर. तो बहुतेक वेळा लोह कमी पडल्यानेच असतो, पण प्रत्येक ॲनिमियाचं उत्तर फक्त लोहाच्या गोळ्या हे नसतं, त्याचं एक कारण हे.

फुप्फुसातल्या मॅक्रोफेजचं रोजचं काम जंतूंपेक्षा साफसफाईचं जास्त. वायुकोश मिटू नयेत म्हणून आत सर्फॅक्टंटचा पातळ थर असतो, जुना सर्फॅक्टंट त्या गिळतात. त्यांना वाढवणारा जीएम-सीएसएफ हा संदेश मिळाला नाही तर सर्फॅक्टंट साचत जातो आणि श्वास कोंडतो. सोयाबीनच्या मळणीत उडणाऱ्या धुळीतले मोठे कण नाकाघशातच अडकतात, अगदी बारीक कण वायुकोशापर्यंत पोचतात आणि त्यांनाही याच गिळतात. खडी क्रशरवरची सिलिकाची धूळ मात्र घातक. सिलिकाचे कण पचत नाहीत. गिळणारी पेशी मरते, कण मोकळे होतात, दुसरी गिळते, तीही मरते, आणि दर वेळी दाह होऊन फुप्फुस कडक होत जातं. अशा फुप्फुसात टीबीही लवकर शिरतो. तुमच्या गावाजवळ क्रशर असेल आणि घरचं कुणी तिथे कामाला असेल, तर तोंडाला नुसतं फडकं बांधून भागत नाही. त्यांना चांगला मास्क आणि दगडावर पाणी मारायची सोय मिळायलाच हवी. हे मी कळकळीने सांगतोय.

गंमत म्हणजे गिळणं, मरणं आणि पुन्हा गिळणं हेच चक्र त्वचेत निरुपद्रवी असतं. आजीच्या हातावरचं गोंदण इतकी वर्षं का टिकतं? काजळीचे कण त्वचेतल्या मॅक्रोफेज गिळून बसतात. 2018 मध्ये उंदरांत दाखवलं गेलं की त्या मेल्यावर सुटलेला रंग शेजारी आलेल्या नव्या मॅक्रोफेज लगेच उचलतात. पेशी बदलतात, रंग तिथेच राहतो.

आतड्यातल्या मॅक्रोफेज जंतू मारतात, पण सहसा आरडाओरडा करत नाहीत. अब्जावधी जंतूंच्या शेजारी राहायचं तर दाह आवरावाच लागतो. आणि फक्त मॅक्रोफेजच अशा नाहीत. रक्तातल्या एनके पेशी विषाणूने बाधित पेशी मारतात असं तू शिकलीस. गर्भारपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाशयाच्या अस्तरात एनके पेशी प्रचंड संख्येने असतात. तिथे त्या बाळावर हल्ला करत नाहीत, आईच्या रक्तवाहिन्या रुंद करून वारेला रक्त पोचवायला मदत करतात. नाव तेच, काम जवळजवळ उलटं.

आता सीबीसी. त्यात न्यूट्रोफिल, मोनोसाइट, इओसिनोफिल दिसतात, म्हणजे त्या क्षणी रक्तात असलेल्या पेशी. कुप्फर, मायक्रोग्लिया, लँगरहान्स, गर्भाशयातल्या एनके यांतलं काहीच त्या कागदावर येत नाही. बस स्टँडवरची माणसं मोजून लातूरची लोकसंख्या सांगण्यासारखं ते होईल. सीबीसी उपयोगाची आहेच, डेंग्यूत प्लेटलेट बघायला किंवा संसर्गाचा अंदाज घ्यायला डॉक्टर ती सांगतात तेव्हा करावीच. पण नॉर्मल सीबीसी दाखवून कुणी ‘तुमची इम्युनिटी फर्स्टक्लास’ म्हणालं, किंवा मोनोसाइट थोड्या कमी म्हणून इम्युनिटी बूस्टर विकायला लागलं, तर तेवढ्यावर विश्वास ठेवू नकोस.

लिम्फॉइड पेशींमधल्या आयएलसी नावाच्या गटाबद्दल मुद्दाम लिहिलं नाही. नीटला तो लागत नाही. पुढे एमबीबीएसला किंवा मायक्रोबायोलॉजीला गेलीस की फुप्फुसातल्या आयएलसी-2 आणि आतड्यातल्या आयएलसी-3 यांपासून सुरुवात कर.