मक्याचे दाणे तसेच दिसतात, मग खाल्लेलं अंगी लागतं का?

‘शौचात मक्याचे दाणे, टोमॅटोची सालं जशीच्या तशी दिसतात. म्हणजे मला काहीच पचत नाही ना?’ आहारसल्ल्यासाठी येणारे हा प्रश्न बहुतेकदा उठता उठता, दबक्या आवाजात विचारतात. तिशीतल्या एका गृहस्थांनी मात्र आल्या आल्याच तो विचारला.

नात्यातल्या एकांना झालेला आतड्याचा आजार त्यांनी जवळून पाहिला होता. तेव्हापासून रोज निरखून पाहायची आणि वहीत टिपून ठेवायची सवय लागली. जे दिसलं ते जेवणातून बंद. आधी मका, मग टोमॅटो, पालेभाज्या, सालीच्या डाळी, शेवटी फळंही. तीन महिन्यांत वजन चार किलोंनी उतरलं आणि आपलं पचन पार बिघडलंय अशी त्यांची खात्री पटली.

मी मक्यापासूनच सुरुवात केली. जे दिसतं ते बहुतेक वेळा नुसतं साल असतं. त्यातलं सेल्युलोज (वनस्पतींमधला तंतू) तोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, माणसाच्या शरीरात तयारच होत नाही. दाणा नीट चावला असेल तर आतला स्टार्च केव्हाच साखर होऊन रक्तात गेलेला असतो. न चावता गिळलेला दाणा मात्र अख्खा बाहेर पडू शकतो. त्याला घास घाईने गिळणं कारणीभूत असतं, आतडं नव्हे.

पचन म्हटलं की आपल्याला जठर आठवतं. तिथे साधारण 2 ते 4 तास अन्न घुसळलं जातं, प्रथिनं तुटू लागतात. मोठं काम पुढे, सुमारे 6 मीटर लांबीच्या लहान आतड्यात होतं. यकृताकडून आलेलं पित्त स्निग्धांशाचे बारीक थेंब करतं, स्वादुपिंडाची विकरं स्टार्च, प्रथिनं आणि स्निग्धांश तोडतात. आतड्याचं अस्तर मखमलीसारखं असतं. घड्या, त्यांवर रसांकुर म्हणजे बोटांसारखे बारीक उंचवटे, रसांकुरांच्या पेशींवर आणखी सूक्ष्म केसाळ टोकं. लोह अगदी सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, बी-12 शेवटच्या. निरोगी आतडं खाल्लेल्या स्निग्धांशापैकी सुमारे 95 टक्के शोषून घेतं. प्यायलेलं पाणी आणि पाचकरस धरून रोज 8-9 लिटर द्रव आतड्यात येतो, शौचावाटे त्यातला जेमतेम 100-200 मिलिलिटर जातो. हा आकडा ऐकून ते पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसले.

न पचलेले तंतूही वाया जात नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यातल्या काहींपासून जी आम्लं बनवतात, त्यांवर तिथल्या अस्तराच्या पेशी पोसल्या जातात.

वजनाचं काय? वहीवरून दिसत होतं की ते पूर्वीच्या निम्मंच जेवत होते. तरीही ‘कमी खाता म्हणून उतरलं’ एवढ्यावर मी विषय मिटवला नाही. उतरणाऱ्या वजनाची तपासणी डॉक्टरांनीच करायला हवी, याबाबत मी आग्रही आहे. सीलिअॅक आजाराची (यात गव्हातल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते) रक्ततपासणी आणि बाकीचे अहवाल ठीक आले; हिमोग्लोबिन तेवढं थोडं कमी होतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. बंद केलेले पदार्थ आम्ही आठवड्याला एक असे परत आणले. घास सावकाश चावायचा, डाळ-पालेभाजीवर लिंबू पिळायचं आणि चहा जेवणानंतर तासाभराने घ्यायचा, कारण ‘क’ जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषलं जातं आणि चहातल्या टॅनिनने कमी.

‘बघणं मात्र थांबणार नाही,’ ते म्हणाले. ‘बघा,’ मी म्हटलं, ‘फक्त वहीत लिहू नका.’ वही बंद करणं त्यांना चहा सोडण्यापेक्षा अवघड गेलं. पण जेवण वाढलं तसं वजन हळूहळू भरून आलं.

कशाकडे लक्ष ठेवायचं तेही त्यांना लिहून दिलं: प्रयत्न न करता वजन उतरणं, तेलकट, चिकट, उग्र वासाचं शौच, आठवडे चालणारे जुलाब, शौचातून रक्त, जुलाबामुळे रात्री झोपेतून उठावं लागणं. यातलं एकही दिसलं तर माझ्याकडे न येता थेट डॉक्टरांकडे जायचं.