रिकामे तेलवाहू जहाज अधिक धोक्याचे का?

प्रश्न : तेलवाहू जहाज भरलेले असताना नव्हे, तर रिकामे झाल्यावर स्फोटाचा धोका वाढतो, असे ऐकले. हे कसे? शिवाय चहूकडे पाणी असताना जहाजावरील आग विझवणे अवघड का जाते?

उत्तर : पेट घेते ती तेलाची वाफ, आणि तीही हवेत तिचे प्रमाण साधारण १ ते १० टक्के असेल तरच. भरलेल्या टाकीत तेलावर मोकळी जागा थोडी आणि तीही बहुधा वाफेनेच व्यापलेली असते. तेल उपसले की हवा आत शिरते, भिंतींना व तळाला चिकटलेला गाळ वाफ सोडतच राहतो आणि मिश्रण नेमके पेटण्याजोगे होते. डिसेंबर १९६९ मध्ये ‘मार्पेसा’, ‘मॅक्ट्रा’ आणि ‘काँग हॉकन सातवा’ या तीन अजस्र जहाजांवर टाक्या धूत असतानाच स्फोट झाले, ‘मार्पेसा’ बुडाले. धुण्याच्या जोरदार फवाऱ्यांमुळे टाकीत दाटलेल्या तुषारांवरील स्थिर विद्युतभाराकडे संशयाची सुई वळली.

ठिणगीची प्रत्येक शक्यता टाळणे अशक्य असल्याने उपाय ऑक्सिजनवर केला गेला. बॉयलरचा धूर धुऊन, थंड करून टाकीत सोडतात आणि ऑक्सिजन ८ टक्क्यांच्या आत ठेवतात. अर्थात अशा टाकीत माणूसही गुदमरतो. म्हणून पुरेशी हवा खेळवून मोजणी केल्याखेरीज कोणी आत उतरायचे नसते.

इंजिनरूममधील आगीचे कारण मात्र बरेचदा अगदी साधे असते : नळीच्या सांध्यातून उडणारे इंधन तापलेल्या एक्झॉस्टवर पडते. २२० अंश सेल्सिअसहून अधिक तापणारे भाग, जेथे इंधन उडून पडू शकते तेथे, आच्छादित असावेत, असा नियम आहे. परंतु दुरुस्तीसाठी काढलेले आच्छादन परत नीट न बसवणे किंवा ते तेलाने भिजलेले तसेच ठेवणे, हा निष्काळजीपणा माझ्या मते यंत्रदोषाहून घातक आहे.

आता पाण्याविषयी. जळते तेल पाण्यावर तरंगत पसरते, आणि वरच्या डेकवर साचलेले पाणी जहाजाचा तोल घालवते. १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर ‘नॉर्मंडी’ या जहाजाला धातू कापण्याच्या कामातील ठिणग्यांनी आग लागली, आणि ती विझवण्यासाठी ओतलेल्या पाण्याच्या भारानेच ते कलंडले. म्हणून इंजिनरूममधील आग मोठी असल्यास सर्व माणसे बाहेर आल्याची खात्री करून, दारे व वायुवीजन बंद करून कार्बन डायऑक्साइड सोडतात. त्यानंतर आत डोकावण्याची घाई करू नये. धातू निवण्यापूर्वी दार उघडल्यास हवा मिळून आग पुन्हा भडकते.