मुलं लहान असताना पुन्हा कॉलेजला प्रवेश घेतलाय. पदवी मिळेपर्यंत बचत थांबवावी का?

थांबवू नका. रक्कम हवी तर निम्मी करा, पण दर महिन्याची सवय मोडू नका. चक्रवाढीत सुरुवातीला टाकलेला पैसाच सगळ्यात जास्त वाढतो. दरमहा १,००० आणि वार्षिक ८ टक्के परतावा धरला, तर २० वर्षांत साधारण ५ लाख ८९ हजार होतात. पहिली ४ वर्षं सोडली तर उरतात साधारण ३ लाख ८७ हजार. म्हणजे न भरलेले फक्त ४८ हजार आणि हातचे गेलेले दोन लाख! (८ टक्के हा हिशेबापुरता धरलेला आकडा आहे, बाजार तशी हमी देत नाही.)

अपवाद दोनच. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर आधी ती फेडा, कारण तिचं व्याज बहुतेक कुठल्याही परताव्यापेक्षा जास्त असतं. आणि गुंतवणुकीआधी निदान ३ महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा. परीक्षेच्या आठवड्यातच मूल तापानं फणफणतं, पगार कापला जातो, पुढच्या सत्राची फीही तेव्हाच भरायची असते. अशा वेळी हा पैसा नसला की कर्ज होतं किंवा कॉलेज सुटतं. शैक्षणिक कर्ज घ्यावं लागलंच तर ते फीपुरतंच घ्या, घरखर्चासाठी नको. शिवाय प्रवेश पक्का करण्याआधी आधीच्या शिक्षणाचे क्रेडिट्स (म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक) ग्राह्य धरतात का, हे विचारून घ्या; एखादं सत्र वाचलं तरी त्यात मोठी बचत होते.