लाँगबोर्डचा (लांब स्केटबोर्डचा) डेक, म्हणजे उभं राहायची फळी, घरी बनवताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मेपल व्हिनिअर (लाकडाचा पातळ पापुद्रा) इंदुरात मिळालं नाही. प्लायवूडच्या दुकानातलं सागाचं व्हिनिअर चालेल का? (सुदामानगर)

ते सजावटीचं, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं असतं. भार पेलणार नाही. दीड मिमीचे सात थर हवेत, म्हणजे साडेदहा मिमी जाडी. बर्च मिळालं तर उत्तम, नाहीतर निलगिरीचं बिनगाठीचं कोअर व्हिनिअर (प्लायवूडच्या आतल्या थरांचं) मागा. निलगिरीचा डेक सपाट रस्त्यावरच चालवा. वेगाने उतार उतरायला मेपलच हवं. तिसऱ्या आणि पाचव्या थरातल्या लाकडाच्या रेषा आडव्या, बाकी सगळ्या लांबीला. शोभेला साग लावायचाच तर वर-खाली दोन्हीकडे लावा. एकाच बाजूला लावलात तर डेक वाकेल.

प्रश्न : मे महिन्यात व्हॅक्यूम बॅगेत (आतली हवा काढली की थर दाबणाऱ्या पिशवीत) डेक दाबला, तरी थर सुटले. फेविकॉल खराब होता का? (रामबाग)

फेविकॉलपेक्षा वेळेचा संशय जास्त आहे. सुटलेला सांधा उघडून पाहा. दोन्ही पृष्ठांवर कोरडी, चकचकीत साय दिसली, तर दाब बसण्याआधीच फेविकॉल सुकला होता. चाळीस अंशांच्या कोरड्या हवेत हे फार लवकर होतं.

म्हणून काम पहाटे, पंखा बंद करून, दोघांनी करा. आधी थर कोरडेच रचून क्रमांक घाला. १०० × २५ सेंमीच्या थराला प्रत्येक सांध्यात ४० ते ५० ग्रॅम, म्हणजे सहा सांध्यांना सुमारे ३०० ग्रॅम मरीन फेविकॉल लागतो. तो रोलरने पसरा, कडांना विसरू नका. पहिल्या थरापासून पंप सुरू होईपर्यंत दहा मिनिटांच्या आत आटपा. हातपंपाने नीट हवा काढली, तर एवढ्या डेकवर दोनेक टन दाब सगळीकडे सारखा पडतो. इंदूर साडेपाचशे मीटर उंचावर असल्याने तो किंचित कमी भरतो, पण काम अडत नाही. कडेने फेविकॉलचे बारीक मणी सलग दिसायला हवेत. जिथे नाहीत तिथे सांधा उपाशी आहे. किमान आठ तास बॅग उघडू नका.

प्रश्न : डेक साच्यातून काढला तेव्हा सरळ होता, दोन दिवसांत पिळला. आता काय? (लोकमान्यनगर)

पीळ परत जात नाही. बहुधा डेक जमिनीवर आडवा ठेवला असेल. फेविकॉलमधलं पाणी लाकडात मुरलेलं असतं. वरची बाजू सुकते, खालची ओलीच राहते. पुढच्या वेळी सावलीत, दोन्ही अंगांना हवा लागेल असा उभा ठेवा आणि चार-पाच दिवसांनीच आकार कापा. एखाद्या व्हिनिअरच्या रेषा तिरक्या असतील तरीही डेक पिळतो, तेव्हा असा थर रचतानाच बाजूला काढा.

प्रश्न : ट्रकची (चाकांचा आस धरणाऱ्या धातूच्या जोडणीची) भोकं केव्हा पाडावीत?

आकार कापण्याआधी, साच्याची मध्यरेषा डेकवर उतरवून. भोकांमधलं आडवं अंतर ४१.३ मिमी, लांबीला ५४ मिमी, ड्रिल साडेपाचचं. खाली टाकाऊ फळी घट्ट धरा, नाहीतर शेवटच्या थराच्या कपच्या उडतात. पॉलियुरेथेनचे तीन हात देताना भोकांच्या आतून आणि कडांनाही द्या. पावसाळ्यात पाणी तिथूनच शिरतं.