‘सब्जेक्ट’ला ‘कर्ता’ म्हणावे का?

एका वाचकांनी विचारले आहे : आठवीतल्या भाच्याला इंग्रजी शिकवताना त्यांनी ‘सब्जेक्ट म्हणजे कर्ता, म्हणजेच क्रिया करणारा’ असे नेहमीच्या पद्धतीने सांगितले. पुढच्याच पानावर ‘द ग्लास वॉज ब्रोकन बाय रवी’ हे वाक्य निघाले आणि तिथे ‘द ग्लास’च्या खाली रेघ मारून त्याला ‘सब्जेक्ट’ म्हटलेले होते. ‘फोडला तो रवीने, मग पेला कर्ता कसा?’ या भाच्याच्या प्रश्नावर मामा निरुत्तर झाले. थोड्या वेळाने ‘इट इज रेनिंग’मधला हा ‘इट’ कोण, असेही त्याने विचारले. तेव्हा ‘सब्जेक्ट’साठी मराठीत कर्ता म्हणावे, उद्देश्य म्हणावे की आणखी काही, असा मूळ प्रश्न आहे.

भाच्याचे बरोबर आहे. कर्ता हे क्रियेतल्या एका भूमिकेचे नाव आहे आणि सब्जेक्ट हे इंग्रजी वाक्यातल्या एका जागेचे नाव आहे. समारंभात मधल्या खुर्चीवर जो बसतो, त्यानेच कार्यक्रमाची सगळी खटपट केलेली असते असे नाही. पुष्कळदा असते, म्हणून आपला गैरसमज होतो. ‘रवी ब्रोक द ग्लास’ या वाक्यात खटपट करणारा आणि खुर्चीवर बसलेला एकच आहे. ‘द ग्लास वॉज ब्रोकन बाय रवी’मध्ये खुर्ची पेल्याला मिळाली आणि रवी ‘बाय’चा हात धरून मागे उभा राहिला. फोडण्याचे काम दोन्हीकडे त्याचेच.

आपल्या व्याकरणपरंपरेत कर्ता ठरतो तो क्रियेशी असलेल्या नात्यावरून. ‘स्वतन्त्रः कर्ता’ हे पाणिनीचे सूत्र (१.४.५४) आहे : क्रियेच्या बाबतीत जो स्वतंत्र, तो कर्ता. वाक्यात तो कुठे बसला आहे किंवा त्याला कोणती विभक्ती लागली आहे, याचा त्या व्याख्येशी संबंध नाही. ‘रामः रावणं हन्ति’ आणि ‘रामेण रावणः हन्यते’ या दोन्ही वाक्यांत कर्ता रामच आहे. दुसऱ्यात त्याला तृतीया लागली, एवढेच. मराठीतही तसेच. ‘रवीने पेला फोडला’, ‘रवीने बरणी फोडली’, ‘रवीने मडके फोडले’ ही वाक्ये लागोपाठ म्हणून पाहावीत. क्रियापद दर वेळी फुटलेल्या वस्तूप्रमाणे बदलते, रवीकडे ते ढुंकूनही पाहत नाही. तरीही पेल्याला, बरणीला किंवा मडक्याला कर्ता म्हणण्याचे कोणाच्या मनात येत नाही. या रचनेला आपण कर्मणी प्रयोग म्हणतो आणि रवीला निःशंकपणे कर्ता म्हणतो.

इंग्रजीतला सब्जेक्ट ओळखायचा तर क्रिया कोणी केली हे विचारण्याऐवजी वाक्याचीच झडती घ्यावी लागते. क्रियापद कोणाच्या वचनाप्रमाणे बदलते ते पाहावे : ‘द बॉय रन्स’, पण ‘द बॉइज रन’. प्रश्न करताना साहाय्यक क्रियापद कोणाच्या पुढे उडी मारते ते पाहावे : ‘वॉज द ग्लास ब्रोकन?’ त्या जागी सर्वनाम घातले तर ‘ही’ येते की ‘हिम’, हेही तपासता येते. मला सर्वांत भरवशाची वाटणारी कसोटी मात्र वाक्याच्या शेवटी जोडल्या जाणाऱ्या छोट्या प्रश्नाची आहे. ‘द ग्लास वॉज ब्रोकन बाय रवी’ याला तसा प्रश्न जोडला, तर ‘वॉजन्ट इट?’ असे म्हणावे लागते, ‘वॉजन्ट ही?’ चालत नाही. म्हणजे फोडणाऱ्याचे नाव वाक्यात स्पष्ट दिलेले असूनही इंग्रजी व्याकरण विचारपूस करते ती पेल्याची. आठवीतल्या मुलाला ही एक कसोटी दिली, तरी त्याचे निम्मे काम होईल.

येथे संस्कृत जाणणारा वाचक एक आक्षेप घेईल आणि तो रास्त आहे. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फिल्मोर यांनी १९६८ मध्ये दार उघडण्याच्या वाक्यांवरून दाखवून दिले, की इंग्रजीत सब्जेक्टच्या जागी कधी उघडणारा माणूस येतो, कधी वारा, तर कधी नुसते दारच : ‘जॉन ओपन्ड द डोअर’, ‘द विंड ओपन्ड द डोअर’, ‘द डोअर ओपन्ड’. पण ‘स्थाली पचति’ म्हणजे ‘पातेले शिजवते’ असे आपले वैयाकरणही म्हणतातच, आणि बोलणाऱ्याला जे स्वतंत्र म्हणून दाखवायचे असेल ते कर्ता, असा विवक्षेचा आधारही देतात. मग ‘दार उघडले’ यात दाराला कर्ता म्हणायला काय हरकत आहे? काहीच हरकत नाही. कर्ता म्हणजे हातपाय असलेला, मुद्दाम काही करणारा प्राणी असा अर्थ पाणिनीच्या सूत्रात नाहीच. तो शाळेतल्या ‘क्रिया करणारा’ या सुटसुटीत व्याख्येने आणला. एवढे मान्य करूनही कर्मणी वाक्यातला पेला कर्ता होत नाही, कारण तिथे रवी समोर हजर आहे. ‘इट’चा प्रश्न तर आणखी पुढचा आहे.

‘पाऊस पडतो आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा पडणारा पाऊस वाक्यात असतो. ‘उजाडले’, ‘सांजावले’, ‘मळमळते’ अशी एकशब्दी वाक्येही मराठीत पूर्ण असतात. जुन्या मंडळींनी त्यांच्यासाठी अकर्तृक किंवा भावकर्तृक अशी नावेही ठेवली आहेत. इंग्रजीला ही मोकळीक नाही. मधली खुर्ची रिकामी ठेवायची नाही असा तिथला दंडक असल्यामुळे, बसवायला कोणी नसेल तर कार्यालयातल्या शिपायालाच बोलावून बसवतात. ‘इट इज रेनिंग’मधला ‘इट’ हा तो शिपाई. त्याला अर्थ नाही, म्हणून ‘व्हॉट इज रेनिंग?’ असे विचारून त्याचा पत्ता लागत नाही. दुसरा शिपाई ‘देअर’. ‘देअर आर टू मेन अॅट द डोअर’ या वाक्यात क्रियापद ‘टू मेन’प्रमाणे अनेकवचनी झाले आहे, पण शेवटचा प्रश्न ‘आरन्ट देअर?’ असा होतो. सब्जेक्टच्या खुणा येथे दोघांत वाटल्या गेल्या आहेत : वचन पाहुण्यांचे, खुर्ची शिपायाची. बोलण्यात पुष्कळ इंग्रज ‘देअर्स टू मेन’ असेच म्हणतात, तेव्हा तर वचनसुद्धा शिपायाच्याच पदरात पडते.

हा दंडक इंग्रजीत आरंभापासून इतका कडक नव्हता. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना आणि उपपदांना विभक्तीची रूपे होती. राजा मारणारा असेल तर त्याच्या आधी ‘से’ हे उपपद येई आणि राजा मारला जाणारा असेल तर ‘थोने’. त्यामुळे राजा वाक्यात आधी आला काय किंवा नंतर आला काय, अर्थ ढळत नसे. मराठीत ‘कुत्रा माणसाला चावला’ आणि ‘माणसाला कुत्रा चावला’ यांत चावा बसलेला माणूस एकच राहतो, कारण ‘ला’ त्याला घट्ट चिकटून आहे. इंग्रजीतले हे प्रत्यय पुढे झिजत गेले. याचे कारण म्हणून १०६६ मधल्या नॉर्मन विजयाकडे, म्हणजे फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले त्या घटनेकडे, बोट दाखवण्याची पद्धत आहे. पण झीज त्याआधीच, विशेषतः उत्तरेकडे, सुरू झाली होती. सर्वनामांत ‘ही–हिम’, ‘शी–हर’ असे थोडे अवशेष राहिले, नामांचे जवळजवळ सगळे गेले, आणि जे काम प्रत्यय करत होते ते जागेवर येऊन पडले. म्हणून ‘द डॉग बिट द मॅन’मधली नामे अदलाबदल केली की चावणाराही बदलतो.

आता ‘उद्देश्य’ या शब्दाकडे वळू. ज्याच्याविषयी सांगायचे ते उद्देश्य आणि जे सांगायचे ते विधेय, ही जोडी आपल्याकडच्या शास्त्रचर्चेतून आलेली आहे. ‘सब्जेक्ट’ हा शब्दही तर्कशास्त्रातूनच आला. त्याच्या लॅटिन मूळ रूपाचा अर्थ ‘खाली ठेवलेले’ असा असून ते अॅरिस्टॉटलच्या ग्रीक संज्ञेचे भाषांतर होते. म्हणून शाळेतल्या वाक्यपृथक्करणात सब्जेक्टसाठी उद्देश्य हा शब्द रुळला, ते योग्यच झाले. दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या १८३६ मधल्या व्याकरणापासून मोरो केशव दामल्यांच्या १९११ मधल्या ग्रंथापर्यंत मराठी व्याकरणकारांना संस्कृत आणि इंग्रजी अशा दोन्ही चौकटी समोर ठेवूनच लिहावे लागले. माझ्या मते घोटाळ्याला वाव मिळाला तो इंग्रजी शिकवण्याच्या वर्गात, ‘कर्ता, क्रियापद, कर्म’ या फळ्यावरच्या सूत्राने. ते पाठ करायला सोपे आहे आणि साध्या वाक्यांपुरते चालतेही. मात्र त्यातला ‘कर्ता’ हा पाणिनीचा नाही आणि दामल्यांचाही नाही.

उद्देश्य हा शब्दही तंतोतंत बसत नाही. ‘दिस बुक, आय हॅव नॉट रेड’ या वाक्यात बोलणे पुस्तकाविषयी चालले आहे आणि सब्जेक्ट मात्र ‘आय’ आहे. ‘इट’विषयी तर कोणी काहीच सांगत नसते. म्हणून वाक्यपृथक्करणात उद्देश्य म्हणावे. इंग्रजी वाक्य घडवायला शिकवताना सब्जेक्ट हा शब्द तसाच ठेवावा आणि ‘येथे कर्ता कोण?’ हा प्रश्न वेगळा विचारावा, असे माझे मत आहे.

मराठीत अशी एकच मधली खुर्ची आहे का, याविषयी मला शंका वाटते. ‘तू आंबा खाल्लास, तू चिंच खाल्लीस, तू केळे खाल्लेस’ या वाक्यांतले क्रियापद जवळून पाहावे. ‘खाल्ला–खाल्ली–खाल्ले’ हा बदल आंबा, चिंच आणि केळे यांच्यामुळे झाला आहे, तर शेवटचा ‘स’ ‘तू’मुळे लागला आहे. एकाच क्रियापदाने दोघांना मान दिला आहे. व्याकरणकारांनी याला संकर प्रयोग म्हटले. ‘रामाने रावणाला मारले’मध्ये उलट क्रियापद दोघांचेही ऐकत नाही, तो भावे प्रयोग. जिथे अशी वाटणी चालते तिथे सब्जेक्टच्या सगळ्या खुणा एकाच शब्दात शोधणे फोल आहे.

या फरकाचा फटका आपल्याला इंग्रजी लिहिताना बसतो. ‘गाडीतून उतरताना माझा पाय मुरगळला’ हे निर्दोष मराठी आहे. उतरणारा मी, हे ‘माझा’वरून कळते आणि मराठीला तेवढे पुरते. याचे शब्दशः इंग्रजी ‘व्हाइल गेटिंग ऑफ द ट्रेन, माय फूट गॉट ट्विस्टेड’ असे केले, की एकटा पायच गाडीतून उतरल्यासारखे वाटते, कारण ‘गेटिंग ऑफ’चा मालक इंग्रजी वाचक पुढच्या सब्जेक्टमध्ये शोधतो. मी स्वतः अर्जांत आणि पत्रांत अशी वाक्ये कैक वर्षे लिहिली. तिथे ‘आय ट्विस्टेड माय फूट’ म्हणावे लागते. मुद्दाम कोणी आपला पाय मुरगळून घेत नाही, तरी खुर्चीवर ‘आय’लाच बसवायचे. ‘ते दृश्य पाहून मला रडू आले’ याचीही गत तीच : मराठीत पाहणारा ‘मला’मध्ये आहे, इंग्रजीत ‘टीअर्स’ना सब्जेक्ट केले तर दृश्य पाहण्याचे काम अश्रूंवर येते.

‘मला आंबा आवडतो’ ही रचना तर इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाला हमखास अडवते, कारण आपल्याकडे क्रियापद आंब्याप्रमाणे चालते आणि ‘आय लाइक मँगोज’मध्ये ‘आय’प्रमाणे. पण ‘लाइक’चा जुना अर्थ ‘आवडणे’, म्हणजे कोणाला तरी रुचणे, असाच होता. रुचणारी वस्तू सब्जेक्ट असे आणि ज्याला ती रुचे तो आपल्या ‘मला’सारख्या चतुर्थीत असे. प्रत्यय गळाल्यावर वाक्याच्या आरंभी बसलेल्या त्या माणसालाच लोक सब्जेक्ट समजू लागले. ‘इफ यू प्लीज’मधला ‘यू’सुद्धा मुळात ‘तुम्हाला’ होता : तुम्हाला रुचत असेल तर. आणि ‘मला वाटते’ या अर्थाने जुन्या इंग्रजी नाटकांत ‘मीथिंक्स’ असा शब्द भेटतो, तो भाच्याला जरूर दाखवावा. त्यातला ‘थिंक’ हा ‘विचार करणे’ नसून ‘वाटणे, भासणे’ या अर्थाचे एक निराळे, आता लोपलेले क्रियापद आहे; आणि त्यातला ‘मी’ म्हणजे आपला ‘मी’ नव्हे, ‘मला’.