आजोबांची साटेली कुठली?

प्रश्न : मी घराण्याची वंशावळ लिहिते आहे. आजोबांचा जन्म १९३४ चा. त्यांच्या १९५१ च्या शाळेच्या दाखल्यावर जन्मस्थळ ‘साटेली, ता. सावंतवाडी, जि. रत्नागिरी’ असं आहे. १९८७ च्या मृत्यूच्या नोंदीत मूळ गाव ‘साटेली, जि. सिंधुदुर्ग’. चुलतभावाने ॲपवर ‘साटेली, दोडामार्ग, सिंधुदुर्ग, महाराष्ट्र’ असं भरलंय. आत्या म्हणते, लहानपणी भेडशीच्या बाजाराला चालत जायचो. खरं काय धरायचं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर आहेत. फक्त दाखल्यावर जन्माचं साल १९३४ असलं, तरी जिल्हा दाखला दिला त्या वेळचा, म्हणजे १९५१ चा आहे. १९३४ साली तो मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात नव्हताच, सावंतवाडी संस्थानात होता. संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं आणि तो भाग रत्नागिरीला जोडला गेला. पुढे १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, १ मे १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा निघाला, आणि दोडामार्ग तालुका तर त्याच्याही नंतरचा. म्हणजे आजोबा जागचे न हलता त्यांचा जिल्हा दोनदा बदलला.

म्हणून जन्माच्या रकान्यात ‘साटेली, सावंतवाडी संस्थान’ लिहा. खाली टीप द्या : दाखल्यात (१९५१) असं, मृत्यूच्या नोंदीत (१९८७) असं, दोन्ही अक्षरशः उतरवून. आजचा तालुका-जिल्हा त्यापुढे ‘सध्या’ म्हणून घाला. जुनी नोंद पुसून तिच्या जागी आजचं नाव बसवणं मला अजिबात मान्य नाही. उद्या तुमची नात सावंतवाडीला कागद शोधायला गेली, तर तिला त्या काळच्या नावानेच ते सापडायचे आहेत.

ॲपवर तर फारच सांभाळा. दोन अक्षरं टाइप केली की ते आजची यादी पुढे करतं आणि आपण पहिलं नाव दाबून मोकळे होतो. माझ्या आईच्या दाखल्यावर ‘जि. कुलाबा’ आहे. कुलाबा म्हणजे अलिबागचा जिल्हा, १९८१ पासूनचा रायगड. अमेरिकेतल्या भाच्याच्या यादीत मात्र माझी आई मुंबईच्या दक्षिण टोकाला जन्मली! त्याने ते दुरुस्त केलं, पण तोवर तीन घरांच्या वंशावळींत ते उतरलं होतं.

आता मुख्य अडचण. साटेली एक नाही. दोडामार्ग तालुक्यातली साटेली-भेडशी वेगळी आणि सावंतवाडी तालुक्यातली ‘साटेली तर्फ सातार्डा’ (तर्फ म्हणजे जुना महसुली विभाग) वेगळी. दोडामार्ग वेगळा होण्याआधी दोन्ही सावंतवाडी तालुक्यातच, त्यामुळे दाखल्यावरून उलगडा होत नाही. गावाच्या नावातलं तर्फ, बुद्रुक, खुर्द कधीही गाळू नका, ते एवढ्याचसाठी. आत्याच्या भेडशीच्या बाजारावरून पारडं साटेली-भेडशीकडे झुकतं खरं. पण तेवढ्यावर शिक्कामोर्तब नको. आत्याचं वाक्य तिच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवा आणि तिला आजच वाडीचं नाव विचारा. कोकणात माणूस गावापेक्षा वाडीने जास्त ओळखला जातो, आणि ती वाडी कागदावर बहुतेकदा नसते. ग्रामदैवत सातेरी असल्याचं ती सांगेल, पण त्या भागात सातेरी गावोगाव आहे, त्यावर विसंबू नका.

पक्का पुरावा जमिनीच्या कागदात. पणजोबा वारल्यावर वारसांची नावं लागली असतील, तर त्या फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीत, गाव नेमकं असतं आणि आजोबांचं नाव भावंडांसह मिळू शकतं. जन्माची नोंद झाली असेल तर जन्म-मृत्यूच्या जुन्या रजिस्टरात पाहावी लागेल. दोन्हींसाठी आधी सावंतवाडी तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये विचारा, मग दोडामार्गला. काही पानं मोडीत निघतील. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, तेव्हा वेलांटीवरून वाद घालू नका, वाचणाऱ्याकडून अक्षरं जशीच्या तशी उतरवून घ्या.

घरात गोव्याकडची सोयरीक असेल तर १९६१ पर्यंतचे तिकडचे कागद पोर्तुगीज वळणाचे असतील : डिचोलीचं बिचोलिम, पेडण्याचं पेर्नेम. तेही तसंच उतरवा.

फेरफार हाती येईपर्यंत ‘साटेली (बहुधा साटेली-भेडशी)’ एवढंच लिहा, आणि चुलतभावालाही तो ‘बहुधा’ घालायला सांगा.