पहिली अतिरुंद झूम लेन्स निवडताना

तुमचा कॅमेरा कॅननचा एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरचा, डीएसएलआर असेल, तर कॅननचीच १०-१८ मिमीची एफ/४.५-५.६ लेन्स घ्यावी, असे मी आग्रहाने सुचवेन (एफचा आकडा जितका लहान, तितका लेन्समधून जास्त प्रकाश येतो). २०१४ मध्ये आलेली ही लेन्स अवघ्या २४० ग्रॅमची असून तिच्यात कंपनरोधकही, म्हणजे हात हलल्याने येणारा धूसरपणा कमी करणारी सोयही, आहे. हा कंपनरोधक मंदिराच्या अंधाऱ्या गाभाऱ्यातील स्थिर मूर्तीसाठी उपयोगी पडतो, मात्र हलत्या माणसांसाठी नाही. रात्रीचे तारे टिपायचे असतील, तर जास्त प्रकाश घेणारी टोकिना कंपनीची ११-१६ मिमी एफ/२.८ लेन्स वापरलेली (सेकंड-हँड) घ्यावी. ती घेण्यापूर्वी चारही कोपऱ्यांची स्पष्टता तपासावी. इतक्या रुंद लेन्सने सारे दृश्य सामावते, पण दूरचे डोंगर खुजे दिसतात. म्हणून जवळचा एखादा दगड किंवा पायरी चौकटीत अवश्य घ्यावी आणि कडेला माणसांचे चेहरे येऊ देऊ नयेत, कारण ते ताणले जातात.